गं आई आणि गाई

माझ्या मोबाइलमध्ये अकरा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे. त्यात अम्मी तूर भरडते आहे आणि ओव्या म्हणते आहे. जात्याची घरघर इतकी मोठी आहे की निम्मे शब्द तिच्यात बुडतात. मध्येच एक शेळी ओरडते. मध्येच मी विचारतो, "अम्मी, अजून किती राहिली?" त्याला उत्तर नाही. गाणं न थांबवता तिनं मानेनंच काहीतरी सांगितलं असणार. अम्मीला जाऊन आता तीन वर्षं झाली. तिच्या गळ्यातलं एवढंच आमच्याजवळ उरलं आहे.

आमचं गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. २०२३ च्या सप्टेंबरपासून हे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. त्याआधी "वडीगोद्रीजवळ" असं सांगावं लागायचं. अम्मी लग्न होऊन इथं आली आणि शेजारच्या काकूंच्या जात्यावर ओव्या शिकली. दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात. काकू पहिली ओळ म्हणायच्या, दुसरी अम्मी उचलायची. घरात आम्ही दखनी बोलतो. आईला अम्मी म्हणतो, तिच्या आईला नानी. "आई" अशी हाक आमच्या घरात कुणी कुणाला मारली नाही. हा शब्द घरात यायचा तो फक्त अम्मीच्या ओवीतून. ओवीच्या शेवटी ती जे "गं आई" म्हणायची, त्यातून.

या दोन शब्दांनी मला मागच्या वर्षी बराच घाम फोडला. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं. ती पुण्यात राहते, कीबोर्ड शिकलेली आहे, पाश्चात्त्य पद्धतीचं पाच रेघांचं नोटेशन वाचते. तिनं फोन केला, "मामू, रतजग्याला नानीच्या ओव्या म्हणायच्या आहेत. रेकॉर्डिंगमधून मला शब्द कळत नाहीत. तुम्ही लिहून द्या ना, सुरांसकट." मी उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळेत परिपाठाला पेटीही मीच वाजवतो. त्यामुळे "हो" म्हणायला मला काहीच वाटलं नाही. तिनंच म्यूझस्कोर नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर कसं उतरवायचं ते सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत मी पेटीवर एकेक सूर शोधून पडद्यावर मांडायला बसलो.

सूर बसले. अडचण झाली शब्दांची.

या सॉफ्टवेअरचा साधा नियम असा की एका सुराखाली एक अक्षर. अक्षर म्हणजे इथं उच्चाराचा एक तुकडा. एक तुकडा टाइप करायचा, शब्द संपला नसेल तर आडवी रेघ दाबायची, संपला असेल तर स्पेस. प्रत्येक वेळी कर्सर पुढच्या सुराखाली जातो. मी "गं" लिहिलं, स्पेस दिली, "आ" लिहिलं, रेघ दिली आणि "ई" लिहायला गेलो, तर सूरच संपले होते. तुकडे तीन, सूर दोन. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. अम्मी दोनच सूर घेत होती. मला वाटलं, माझ्या कानाची चूक असेल, किंवा अम्मी घाईत असेल. मी पहिल्या सुराचे दोन तुकडे केले आणि तीन अक्षरं तीन सुरांखाली नीट बसवली. अशा जागा एकूण नऊ निघाल्या. "माझ्या आईला" होतं, "बंधू आला" होतं. सगळीकडे मी सूर फोडून अक्षरांना जागा करून दिली. कागद बघायला फार सुंदर दिसत होता. एकही अक्षर सुटलेलं नव्हतं.

भाचीनं ते व्हिडिओ कॉलवर म्हणून दाखवलं. माझ्या शेजारी खाला बसली होती, म्हणजे अम्मीची धाकटी बहीण. दोन ओळी ऐकून ती म्हणाली, "नै रे, ये आपा का नै. आपा ऐसा टुकडे टुकडे नै गाती थी."

खालाचं म्हणणं खरं होतं. जात्यावरची ओवी मोजून मापून रचलेली नसते. ओळीत इतकीच अक्षरं हवीत असं बंधन तिला नाही. एका ओळीत कमी शब्द येतील, दुसरीत जास्त. ठरलेला असतो तो जात्याचा फेरा. दगड जड असतो, एकदा गती आली की तो शब्दांसाठी थांबत नाही. मग गाणारी बाई काय करते? अक्षरं कमी असतील तर स्वर लांबवते, "बाई", "गं", "सये" घालते. अक्षरं जास्त झाली तर दोन स्वर एकाच सुरात घेते. एक शब्द स्वरानं संपला आणि पुढचा स्वरानंच सुरू झाला की दोघांची दाटी होते, आणि त्यातला एक दुसऱ्यात विरतो. अम्मी "गं आई" म्हणत असे तेव्हा "गं"मधला "अ" पुढच्या "आ"मध्ये जायचा आणि ऐकू यायचं "गा-ई". घाई नव्हती, चूकही नव्हती. फेऱ्यात राहण्याची ती रीतच होती. मी सूर फोडले तेव्हा जातं अडखळलं.

म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मी उलटं केलं. जसं ऐकू येतं तसं लिहिलं. "माझ्याईला". "बंध्वाला". आणि शेवटी "गाई". आता सूर आणि अक्षरं बरोबर जुळत होती, जात्याचा फेरा सुरळीत होता. भाचीला पाठवलं. तासाभरानं तिचा मेसेज आला, "मामू, नानी गाईंवरचं गाणं म्हणायची का?"

मी हसलो खरा, पण हसू फार वेळ टिकलं नाही. आमच्या घरात "आई" हा शब्द फक्त त्या ओवीत होता, आणि मी तो कागदावरून पुसून टाकला होता. माझ्यामागं तो कागद कुणाच्या हाती पडला असता तर त्यानं गाईच वाचल्या असत्या. पहिल्या कागदावर शब्द राहिले आणि गाणं गेलं. दुसऱ्यावर गाणं राहिलं आणि शब्द गेले.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली तरी हे डोक्यात होतं. त्या आठवड्यात मी उर्दूच्या वर्गात तक़्ती शिकवत होतो. तक़्ती म्हणजे शेराची ओळ वजनाच्या मापानं तोडून बघणं. तिचा पहिला नियम असा की लिहिलेलं मोजायचं नाही, उच्चारलेलं मोजायचं. मी फळ्यावर "ख्वाब" हा शब्द उर्दूत लिहिला. त्यात वाव हे अक्षर आहे, पण वाचताना आपण "खाब" म्हणतो. तो वाव कुणी उच्चारत नाही आणि वजनातही धरत नाही. पण लिहिताना त्याला कुणी काढून टाकत नाही. शतकानुशतकं तो मुक्यानं शब्दात बसून आहे. दुसरं उदाहरण दिलं "हम आज". शायराला गरज असेल तर तो हे "हमाज" असं वाचतो, मागच्या शब्दाचा "म" पुढच्या अलिफवर जाऊन बसतो. याला अलिफ़-ए-वस्ल म्हणतात. वस्ल म्हणजे भेट, मिलन. कागदावर मात्र "हम" वेगळा आणि "आज" वेगळा.

एका मुलीनं विचारलं, "सर, मग नवीन माणसाला कसं कळणार की इथं जोडून वाचायचं?" मी म्हणालो, "वजन माहीत असेल तर कळेल." ती म्हणाली, "आणि माहीत नसेल तर?"

तिचा प्रश्न बरोबर माझ्याच अडचणीवर बोट ठेवत होता. उर्दूनं शब्द जपले, पण भेट कुठं होते ते वाचणाऱ्याच्या कानावर सोडलं. खालाचा कान तयार होता. भाचीचा नव्हता, कारण ती जात्याजवळ वाढलीच नाही. तिला खूण हवी होती.

देवनागरीत अशी खूण आहे का, हे मी शोधू लागलो. आहे. अवग्रह, म्हणजे "ऽ". संस्कृतात "सोऽहम्" लिहितात तेव्हा तो अवग्रह सांगतो की इथला "अ" संधीत गेला. लोप पावलेल्या स्वराची खूण आपल्याकडे तयार होती. पण पेटी वाजवणाऱ्याला हीच खूण अगदी वेगळ्या अर्थानं माहीत असते. भातखंडे पद्धतीच्या पुस्तकांत बंदिशीच्या बोलांमध्ये "ऽ" येतो तेव्हा त्याचा अर्थ असतो, मागचा स्वर लांबवा. म्हणजे एकच चिन्ह एकीकडे गेलेला स्वर दाखवतं आणि दुसरीकडे लांबलेला. मी "गं ऽ आई" असं लिहिलं असतं तर भाचीनं "गं" आणखी ताणला असता.

नोटेशनचा विचार आपल्याकडे नवा नाही. मौलाबक्ष (१८३३–१८९६) हे बडोद्याचे मोठे गवई. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं त्यांनी १८८६ मध्ये तिथं संगीत शाळा काढली आणि गाणं कागदावर उतरवण्याची स्वतःची पद्धत बसवली. सूफी संगीतकार हज़रत इनायत ख़ान हे त्यांचे नातू, मुलीचे चिरंजीव. पुढं विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी ठिकठिकाणच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या. त्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब असतं. आणि एका मात्रेत दोन-तीन सूर घ्यायचे असतील तर त्या सुरांच्या खाली एक चंद्रकोर काढतात.

ती चंद्रकोर बघून मी थांबलो. एका मात्रेत अनेक सूर असतील तर खाली कमान. मग एका सुरात दोन स्वर असतील तर शब्दांच्या खाली कमान का नको?

ती कमान म्यूझस्कोरमध्ये आधीपासून होती, मलाच माहीत नव्हती. इटालियन आणि स्पॅनिश गाण्यांत एका शब्दाचा शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाचा पहिला स्वर एकाच सुरावर येणं नेहमीचं आहे. त्यांच्या छापील पुस्तकांत अशा जागी दोन शब्दांमध्ये खालच्या बाजूला छोटी कमान असते. म्यूझस्कोरमध्ये "गं" टाइप करायचं, कंट्रोल आणि आल्ट दाबून ठेवून आडव्या रेघेची कळ दाबायची, मग "आ" लिहायचं. कर्सर पुढं न जाता त्याच सुराखाली राहतो. नंतर साधी रेघ, आणि पुढच्या सुराखाली "ई". कागदावर दिसतं ते असं: गं‿आ-ई. लिलीपॉण्ड नावाचं दुसरं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात सगळं नोटेशन अक्षरांत टाइप करतात. तिथं याच जागी नागमोडी चिन्ह देतात, गं~आ, आणि छापताना त्याची कमान होते.

काम एवढ्यानं संपलं नाही. मी वापरत असलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये ही कमान नव्हतीच. तिच्या जागी रिकामा चौकोन आला, फॉन्ट बदलावा लागला. मग "बंधू‿आला" मध्ये दीर्घ उकार आणि कमान एकमेकांत अडकले. रोमन लिपीत अक्षराच्या खाली मोकळी जागा असते, आपल्याकडे तिथं उकार राहतात. अशा ठिकाणी मी दोन अक्षरांत थोडी जास्त जागा सोडली. उर्दू लिपीत लिहून बघण्याचा मोह झाला होता, पण सूर डावीकडून उजवीकडे धावतात आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. प्रत्येक शब्द तुकडे करून उलट्या दिशेनं मांडायचा म्हणजे वाचणाऱ्याचा छळ. म्हणून सगळं देवनागरीतच ठेवलं.

या कामात आणखी एक गोष्ट लक्षात आली, बरोबर उलटी. बोलताना आपण "दळण" हा शब्द "द-ळण्" असा दोन तुकड्यांत म्हणतो, शेवटचा "अ" गिळतो. अम्मी ओवीत म्हणायची "द-ळ-ण", पूर्ण तीन. जो "अ" रोजच्या बोलण्यात मेलेला असतो तो गाण्यात उठून बसतो, आणि "गं"मधला "अ", जो बोलताना स्पष्ट ऐकू येतो, तो गाण्यात विरून जातो. मी वीस वर्षं मराठी शिकवतो, पण अक्षरांचा हा हिशेब मी कधी केला नव्हता. अम्मी तो रोज करत होती. तिला लिहिता येत नव्हतं.

इथं मला एक कबुली द्यायची आहे.

मी सातवी-आठवीत असताना मराठीत वर्गात पहिला यायचो. मुसलमानाचा पोरगा मराठीत पहिला, याचं गुरुजींना कौतुक होतं आणि मला त्याहून जास्त. घरी येऊन मी अम्मीच्या ओव्या तपासायचो. "अम्मी, पानी नाही, पाणी." "व्हतं नाही, होतं." "आई तोडून म्हण. तू गाई म्हणतेस." हे शेवटचं वाक्य मी खरंच म्हटलं होतं. भाचीचा मेसेज वाचला त्या रात्री ते मला आठवलं. तिच्यासारखाच मलाही तेव्हा गाईच ऐकू आल्या होत्या. फरक एवढाच की भाचीनं विचारलं आणि मी दुरुस्त केलं.

खालाला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हौ, आपा बोली थी मेरेकू. मुन्ना घर में रहा तो मै नै गाती, बोली थी." मी घरात असलो की अम्मी गात नसे. माझ्या लहानपणच्या आठवणींत जात्याची घरघर आहे आणि ओव्या फार थोड्या आहेत, हे खरंय. मला वाटायचं, विजेची चक्की आली म्हणून ओव्या थांबल्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता पारी या संकेतस्थळावर वाचायला आणि त्यातल्या बऱ्याच ऐकायलाही मिळतात. मी त्यातल्या काही ऐकल्या. बहुतेक आवाजांत हीच दाटी, हीच भेट. अम्मी एकटी "चुकत" नव्हती. लाखभर ओव्या तिच्या बाजूनं उभ्या होत्या, आणि समोर शुद्धलेखनाचं पुस्तक घेतलेला तेरा वर्षांचा मी.

तिसरा कागद भाचीला पाठवला. नऊ जागी नऊ कमानी. तिला फोनवर एवढंच सांगितलं, "कमान दिसेल तिथं दोन्ही शब्द मनात ठेव, सूर एकच घे."

रतजग्याच्या रात्री अंगणात गुलगुले तळत होते. काकू आता थकल्या आहेत, तरी नातवाचा हात धरून आल्या. घरातलं जुनं जातं बाहेर काढलं होतं, त्यात मूठभर तूर टाकली. भाचीनं कागद मांडीवर ठेवला आणि पहिली ओळ म्हटली. आवाज शहरातला, उच्चार जरा जपून. शेवटी "गं आई" आलं, दोन सुरांत. मी खालाकडे बघत होतो. ती काही बोलली नाही. तिनं पुढं सरकून खुंट्याला हात घातला, समोरून काकूंनी घातला, आणि दुसरी ओळ दोघींनी मिळून उचलली. भाचीनं कागद बाजूला ठेवला.

तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर तुपाचे डाग पडलेत.

तुमच्या घरात कुणी ओवी म्हणणारं, पाळणा म्हणणारं, शादीचं गाणं म्हणणारं असेल, तर मोबाइल काढा आणि रेकॉर्ड करून ठेवा. लिहून घ्यायचं असेल तर शब्द पूर्ण लिहा, आणि जिथं दोन स्वर एक होतात तिथं खाली पेनानं एक कमान काढा. त्यासाठी सॉफ्टवेअरचीही गरज नाही. फक्त गाणाऱ्या माणसाला मध्येच थांबवून "असं नाही, असं" म्हणू नका. ते मी करून बघितलेलं आहे.